बहादरपुरच्या केळीबागेत

बऱ्हाणपूर पाहावयास येणारा प्रवासी बहुधा ठरावीक वाटेने हिंडतो. तापीकाठचा शाही किल्ला व त्यातील चित्रांकित हमाम, जामा मशिदीत अरबी लेखाच्या सान्निध्यात कोरलेला संस्कृत लेख, मुमताजमहलचे पहिले दफन झाले तो नदीपलीकडचा आहुखाना, लालबागेकडील कुंडी भंडारा. आणि परतीच्या वाटेवर मावाजिलेबी. बहादरपुरास मुद्दाम कोणी जात नाही. आम्ही जातो, कारण आमची आक्का तेथे दिली आहे.

वास्तविक बहादरपुर हे नाव मराठ्यांच्या इतिहासात एकदा ठळकपणे येऊन गेले आहे. इ. स. १६८१ च्या आरंभी संभाजीराजांच्या फौजेने बऱ्हाणपुराभोवतालचे पुरे लुटले, त्यांत बहादरपुर अग्रभागी होते. सराफ-सावकारांची ती धनाढ्य वस्ती होती, असे खाफीखान नोंदवतो. पुढे १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले आणि या भागात मराठी माणसाचा वावर वाढत गेला. आज त्या सराफीची खूण गावात हिंडून शोधली तरी आम्हांस सापडत नाही. आजचे धन निराळे आहे. गावाबाहेर पडावे तो दोहो अंगांस केळी, मध्ये एखादे उसाचे नाहीतर कपाशीचे शेत, की पुन्हा केळी. खानदेशात रावेर-यावलकडे जे दृश्य दिसते तेच येथे. मध्ये राज्याची सीमा आहे हे केळीला ठाऊक नाही, आणि तिच्या रोगांनाही नाही.

त्या रोगांची ओळख आम्हांस गेल्या श्रावणात झाली. दरवर्षी राखीपौर्णिमेस आक्का इंदूरला येते. या वेळी तिचा दूरध्वनी आला, "भाऊ, मला निघता यायचं नाही. बागेचं काही खरं नाही. तूच ये." आक्का अशी बोलणारी नव्हे. दाजी आजारी होते तेव्हाही तिने "सगळं बरं आहे" म्हणूनच कळविले होते. आम्ही शाळेतून दोन दिवसांची रजा घेतली व इच्छापूरच्या रस्त्यास लागणारी सकाळची गाडी धरली.

सिमरोळचा घाट, मोरटक्क्याच्या पुलाखालची गढूळ नर्मदा, सनावद, खंडवा असा तो नित्याचा रस्ता. नित्य आम्ही त्या वाटेवर डुलकी घेतो. त्या दिवशी डुलकी आली नाही, कारण आक्काच्या एका वाक्याने आमची जुनी जखम उघडी केली होती. ती म्हणाली होती, "पानं पिवळी पडताहेत, आणि हे नुसते फवारताहेत."

वाचकांस ती जखम सांगितली पाहिजे. आमच्या गच्चीवर एका उथळ कुंडीत चिडाचे एक झाड अकरा वर्षे होते. अल्मोड्याकडे गेलेल्या एका सहकाऱ्याने बोटभर रोप आणून दिले होते. आम्ही तारा बांधून, शेंडे खुडून, मुळे छाटून त्याचा वामनवृक्ष केला. बोन्साय हा शब्द हल्ली सर्वतोमुखी झाला आहे, पण वामनवृक्ष या शब्दात एक गंमत आहे, ती त्यात नाही. तीन-तीन सुयांचे त्याचे झुबके सकाळच्या उन्हात चमकू लागले म्हणजे आम्हांस हिमालयात गेल्यासारखे वाटे. खरा हिमालय आम्ही पाहिलेला नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्या सुयांवर प्रथम पिवळे ठिपके आले. मग तांबूस पट्टे उमटले, टोके वाळली. बुडखे मात्र हिरवेच राहिले. आम्ही निदान केले, तहान! पाऊस उघडला तसे सकाळ-संध्याकाळ झारीने झाडाच्या डोक्यावरून पाणी घालू लागलो. गुण येईना म्हणून खत दिले. तरी येईना म्हणून ऊन सोसत नसेल अशा समजुतीने कुंडी जिन्याखालच्या सावलीत नेली. फाल्गुनात झाड गेले. त्यानंतर वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक घरी आले असता आम्ही त्यांस वाळलेला सांगाडा दाखविला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सुया जुन्या गेल्या होत्या की नव्या?"

आम्ही पाहिलेच नव्हते. चिडाची आतली दोन-तीन वर्षांची सुई पिवळी होऊन गळते, तो निसर्गक्रम आहे. त्यात भिण्यासारखे काही नाही. पाण्याचे किंवा मुळांचे दुखणे असते तर झुबकेच्या झुबके सारखे मलूल झाले असते. टोक मेलेले, मधे पट्टा आणि बुड हिरवे, अशी अर्धी सुई दिसली की बुरशी ओळखावी. ही बुरशी पाण्याच्या थेंबांबरोबर उडते. म्हणजे आम्ही झारीने पाणी नव्हे, रोगच एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर शिंपीत होतो, आणि मग झाडाला ज्या वाऱ्याची व उन्हाची गरज होती त्यांपासूनच त्यास दूर नेले. गळलेल्या सुया वेचून जाळणे, पाणी फक्त मातीस देणे, कुंडी उघड्यावर ठेवणे आणि वसंतात नवी सुई उमलताना मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारणे, इतकाच त्यावर उपाय होता. रिकामी कुंडी अद्याप गच्चीवर आहे. सौभाग्यवतींनी तीत पुदिना लावण्याचा प्रस्ताव दोनदा मांडला. आम्ही दोनदा फेटाळला.

तर असे पोळलेले आम्ही, अशीरगडाच्या पायथ्याशी गाडी चहापाण्यास थांबली तेव्हा मनाशी घोकत होतो, 'जुने पान की नवे, हे आधी पाहावयाचे.'

दुपारी बहादरपुरास पोचलो. दाजी ओट्यावरच बसले होते. "या गुरुजी," म्हणाले, पण नेहमीचे हसू नव्हते. त्यांच्या दोन बागा आहेत. एक गेल्या वर्षीचा कांदेबाग, म्हणजे आश्विनात लावलेला. त्याचे घड बाहेर पडले होते. दुसरा यंदाचा मृगबाग, दोन एकर, पाच पाच फुटांवर ऊतिसंवर्धित रोपांची लागण, सुमारे साडेतीन हजार खोडे. खोड हा आपला बोलण्याचा शब्द; शास्त्राप्रमाणे ते खोड नव्हेच, एकात एक गुंडाळलेल्या पानांच्या देठांचे ते वेटोळे आहे. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. केळीचे सर्वस्व पानच, हे त्या दिवशी आम्हांस जितके पटले तितके पूर्वी कधी पटले नव्हते.

प्रथम कांदेबागेत गेलो. मघा नक्षत्राचा पाऊस नुकताच थांबला होता. ठिबकच्या नळ्या चिखलात बुडालेल्या, सातपुड्यावर ढग टेकलेले, पानापानावरून पाणी गळत होते. दाजींनी एक पान खाली ओढून दाखविले. पिवळसर बारीक रेषा, त्या वाढत जाऊन झालेले चातीच्या आकाराचे तपकिरी डाग, डागाच्या मध्यभागी राख फासल्यासारखा करडा रंग आणि भोवती पिवळी कड. खालची पाने तर या डागांनी एकमेकांत मिसळून करपून लोंबत होती. आम्ही वरून मोजू लागलो. शेंड्याकडील पाने निर्मळ, पुढे एका पानावर बारीक रेषा, आणि जो जो खाली यावे तो तो रोग वाढलेला.

"करपा," आम्ही म्हणालो.

"ते मलाही ठाऊक आहे, गुरुजी," दाजी म्हणाले.

या करप्याचे शास्त्रीय जगातले नाव सिगाटोका. फिजी बेटांत त्या नावाची एक नदी व तिचे खोरे आहे. १९१२ साली तेथील केळीवर या रोगाने थैमान घातले, म्हणून ते नाव पडले. त्याआधी १९०२ मध्येच जावा बेटात त्याची नोंद झाली होती, पण नाव फिजीचे राहिले. उसाच्या मळ्यांसाठी गिरमिटावर गेलेले आपले देशबांधव तेव्हा त्याच बेटांवर राबत होते. पुढे १९३० नंतरच्या दशकात हा रोग मध्य अमेरिकेत पोचला. तेथील प्रचंड मळ्यांतून नळ टाकून बोर्डो मिश्रण फवारण्यात येऊ लागले, आणि फवारणारे मजूर मोरचुदाने असे निळे-हिरवे होत की लोक त्यांस पोपट म्हणत. पोपटाची उपमा ऐकावयास गोड आहे. त्या माणसांच्या फुप्फुसांचे काय झाले असेल, हे मनात आल्यावर गोडी राहत नाही.

करप्याची एक खोड मोठी फसवी आहे. रोग जेथे दिसतो तेथे तो त्या दिवशी शिरलेला नसतो. बुरशीचे बीज वाऱ्याने वा दवाच्या थेंबाने येऊन पडते ते शेंड्याच्या, नुकत्या उलगडणाऱ्या कोवळ्या पानावर, आणि तेही बहुधा खालच्या अंगाला. पानाच्या श्वासरंध्रांतून ते आत जाते. डाग दिसू लागेपर्यंत काही आठवडे लोटतात. तोवर वर आणखी दोन-तीन पाने उलगडलेली असतात व ते पान खाली सरकलेले असते. शेतकरी खालच्या करपलेल्या पानावर फवारा मारतो, तेव्हा तो प्रेतास औषध पाजीत असतो. औषध हवे वरच्या निरोगी दिसणाऱ्या पानास, आणि पानाच्या पाठीस. शिवाय केळीचे पान मेणचट. औषधात चिकटणारे तेल वा स्टिकर नसेल तर थेंब मोत्यासारखा घरंगळून जातो.

दाजींनी तीन फवारण्या केल्या होत्या. तिन्ही वेळा औषध एकच, तिन्ही वेळा वरून, आणि मागच्या वेळी फवारल्यावर तासाभरात पाऊस. एकच औषध पुनःपुन्हा मारले की बुरशी त्यास सरावते, म्हणून आलटूनपालटून मारावे लागते: एकदा मॅन्कोझेब दहा लिटर पाण्यास पंचवीस ग्रॅम, पुढल्या वेळी प्रोपिकोनॅझोल दहा मिलिलिटर व त्याबरोबर शंभर मिलिलिटर खनिज तेल, अशी वहिवाट आहे. पण त्याआधी पाने कापावयाची. येथे दाजी अडून बसले, आणि त्यांचे अडणे अकारण नव्हते. केळीचा घड एकदा बाहेर पडला की झाड नवे पान काढीत नाही. जी पाने अंगावर आहेत त्यांच्याच कमाईवर घड पोसावयाचा. निसवणीच्या वेळी आठएक चांगली पाने असली तर फळ भरते. दाजींच्या झाडांवर धड पाने सहा-सात. "तीही कापू म्हणता?" त्यांनी विचारले.

तोड अशी निघाली की अर्ध्याहून अधिक करपलेले पान समूळ कापावे, आणि ज्याचे टोकच गेले आहे त्याचे टोकच कापावे. कापलेली पाने बागेबाहेर न्यावी, साचलेले पाणी चर खणून काढून द्यावे, गवत काढावे, मुनवे छाटून बागेत वारा खेळता करावा. म्हणजे पुन्हा तेच वारा आणि ऊन! आम्हांस गच्चीवरील कुंडी आठवली. आम्ही मोठ्या उत्साहाने हे सारे दाजींस ऐकविले. इतके की संध्याकाळ होत आली तरी थांबेना. हेडमास्तरकीचा हा दोष आहे, समोर वर्ग नसला तरी तास चालूच राहतो.

आक्का एवढा वेळ बांधावर उभी होती. ती म्हणाली, "हे झालं जुन्या बागेचं. पण मी तुला बोलावलं ते नव्या बागेसाठी."

नव्या बागेत शिरलो. कमरेएवढी रोपे, ओळी आखून दिल्यासारख्या सरळ. येथेही पिवळे होते. आम्ही वाकून एका रोपाचे सर्वांत खालचे पान पाहिले; कडेस थोडे वाळलेले होते. "हाही करपाच," आम्ही सांगितले, "आत्ताच फवारले तर आटोक्यात येईल." दाजींचा चेहरा उजळला. त्यांस तेच ऐकावयाचे होते. पंप भरलेला होताच.

"भाऊ," आक्का म्हणाली, "तू खालचं पान बघतोयस. वरचं बघ."

गाडीत बसून जे सूत्र घोकीत आलो होतो, तेच बागेत पाऊल ठेवताच विसरलो होतो! आम्ही वर पाहिले. खालची पाने बहुतेक हिरवी होती. पिवळे होते ते शेंड्याचे. आणि ते डाग नव्हते, पट्टे होते; शिरांना समांतर, फिकट पिवळे, हिरव्यात विणल्यासारखे. पाते अरुंद, कडा नागमोडी. काही रोपांत तर मधला पोंगाच काळा पडून सडत आला होता. अशा रोपांच्या देठाला आक्काने जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्या. तांबड्या, जांभळ्या, हिरव्या. दुरून पाहिले तेव्हा आम्हांस वाटले होते, पाखरे हाकलण्यासाठी असतील.

"किती बांधल्या?"

"काल संध्याकाळपर्यंत दोनशे बारा. परवा दीडशे होत्या."

खानदेशात या रोगाला हरण्या म्हणतात. पुस्तकांत तो काकडीच्या मोझॅक विषाणूचा रोग म्हणून येतो, कारण १९१६ मध्ये अमेरिकेत त्याचे पहिले वर्णन झाले ते काकडीवर. पुढे हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींत तो राहतो असे आढळले. काकडी, भोपळा, दोडका, टोमॅटो, मिरची, बांधावरचे कितीतरी गवत. एका झाडावरून दुसऱ्यावर त्यास वाहून नेणारा मावा. बऱ्हाणपुरात 'मावा' म्हटले की कोणासही जिलेबी आठवते, त्यामुळे आमच्या व्याख्यानात या ठिकाणी भाच्याची लहान मुलगी खुदकन हसली, आणि त्या दोन दिवसांत बागेत कोणी हसले ते तेवढेच. हा मावा केळीवर संसार थाटीत नाही. काकडीवरून उडतो, केळीच्या कोवळ्या पानात सोंड टोचून चव पाहतो, आवडले नाही म्हणून पुढे जातो. तेवढी चवच पुरते. रोगट मातृवृक्षापासून तयार झालेल्या रोपांतूनही हा विषाणू येतो, आणि ढगाळ, सततच्या पावसाची हवा त्यास मानवते. २०२० च्या पावसाळ्यात जळगाव आणि बऱ्हाणपूर या दोन्ही जिल्ह्यांत तो असा पसरला की शेतकऱ्यांनी उभ्या बागा उपटून टाकल्या होत्या. वर्तमानपत्रांतील ती छायाचित्रे आम्ही तेव्हा पाहिली होती, आणि पान उलटले होते.

या रोगावर औषध नाही. करप्याची बुरशी मारता येते. विषाणू एकदा झाडात शिरला की झाड असेपर्यंत तो आहे. रोगट झाड मुळासकट, कंदासकट उपटावयाचे आणि जाळावयाचे किंवा खोल पुरावयाचे. मग उरलेली झाडे वाचावी म्हणून माव्यासाठी फवारा, तण साफ, आणि आठवड्यातून दोनदा ओळीओळीने फिरून नवे रोगट रोप शोधणे. बुरशीनाशकाचा भरलेला पंप येथे व्यर्थ होता. आम्ही क्षणापूर्वी ज्यास "करपाच" म्हणालो, त्यावर दाजींनी आणखी एक उधारीचा डबा रिकामा केला असता, आणि चिंध्यांची संख्या रोज वाढत गेली असती.

दाजी मानावयास तयार नव्हते. "गुरुजी आत्ता तर करपा म्हणाले," असे ते आक्कास म्हणाले, आणि आम्हांस तोंड लपविण्यास जागा उरली नाही. आम्ही सांगितले की आमची चूक झाली. ते म्हणाले, "मग आत्ताचं बरोबर कशावरून?" प्रश्न रास्त होता. विद्यार्थ्याने विचारला असता तर आम्ही त्याची पाठ थोपटली असती. अखेर दोन्ही बागांतली चार-चार पाने वेगळ्या पिशव्यांत घालून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे शहरात गेलो व एका जाणकार कृषी अधिकाऱ्यास दाखविली. त्यांनी पिशवी पुरती उघडलीही नाही. पहिलीकडे पाहून म्हणाले, "इसे छांटिए." दुसरीकडे पाहून म्हणाले, "इसे आज ही उखाड़िए."

परतताना दाजी बोलले नाहीत. एका रोपामागे रोपाचे मोल, खत, ठिबक, मजुरी. दोनशे बारांनी गुणावयाचे, आणि तो आकडाही थांबणारा नव्हता. त्यांनी लागणीसाठी कर्ज काढले होते, हे आक्काने आम्हांस तोवर सांगितले नव्हते. गावाजवळ आल्यावर ते एवढेच म्हणाले, "तिला आठ दिवसांपूर्वीच कळलं होतं. मी म्हटलं, बायकांना काय कळतं रोगातलं."

त्या दिवशी राखी होती. आक्काने ओवाळले, नारळीभात वाढला, आणि पदर खोचून ती बागेत गेली. सणामुळे मजूर मिळाले नाहीत. घरच्याच माणसांनी उपटावयास आरंभ केला: दाजी, भाचा, आक्का, आणि शेवटी आम्ही. कमरेएवढे केळीचे रोप ओल्या काळ्या मातीतून कंदासकट काढणे हे वाटते तितके हलके काम नाही. कुदळीने भोवती मोकळे करावे, बुडाशी धरून हलवावे, तेव्हा ते चुळ्ळ आवाज करून सुटते. आमच्या पाठीने विसाव्या रोपाशी संप केला. आक्का प्रत्येक रोपाची चिंधी आधी सोडून घेई व कमरेला लावलेल्या पिशवीत टाकी. आम्ही कारण विचारले, तर म्हणाली, "उद्या आणखी लागतील."

बांधाच्या पलीकडे शेजाऱ्याचे शेत होते. त्याच्या कुंपणावर काकडी आणि गिलकी यांचे वेल चढलेले, फुलांनी पिवळे झालेले. त्या वेलांवर त्याच्या घरचा आठवड्याच्या बाजाराचा खर्च निघे. दाजींचे व त्याचे बांधावरून पूर्वी वितुष्ट आलेले होते, त्यामुळे बोलावयास आम्हांस पाठविण्यात आले. तो मनुष्य सभ्य होता. सारे ऐकून घेतले, पानाची खालची बाजू आम्ही दाखविली तेथे हिरवट-काळा मावा त्यानेही पाहिला. म्हणाला, "मास्टरजी, बेल कैसे काटूँ? फल लगा है." यावर आम्हांजवळ उत्तर नव्हते. दाजींच्या बागेसाठी त्याने आपला बाजार का सोडावा? बांधावरचे तण मात्र त्याने त्याच संध्याकाळी काढले, आणि माव्याची फवारणी दोघांनी एकाच दिवशी करावी असे ठरले. वेल तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. गाडीस अवकाश होता म्हणून दाजी आम्हांस कुंडी भंडाऱ्यावर घेऊन गेले. त्यांस घरी बसवत नव्हते. जहांगीरच्या अमदानीत, खानखानान अब्दुर्रहीम येथे असताना, सुमारे १६१५ मध्ये सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांनी शहरात आणण्यात आले. ठिकठिकाणी विहिरीसारख्या कुंड्या. एका कुंडीतून खाली उतरलो. भिंतीवर चुन्याचे पांढरे थर साचलेले, मधून पाण्याचा अस्पष्ट आवाज. जमिनीवर कोणाचे शेत कोठे संपते याचा त्या पाण्यास पत्ता नव्हता. दाजी बराच वेळ हात बुडवून उभे राहिले. मग विचारले, "गुरुजी, तुमच्या त्या कुंडीतल्या झाडाचं काय झालं होतं म्हणालात?" आम्ही पुन्हा सांगितले. या वेळी त्यांनी लक्ष देऊन ऐकले.

भाद्रपदात आक्काचा दर आठवड्यास दूरध्वनी येई, आणि तीत कुशलाच्या आधी आकडा असे. तीनशे चाळीस. चारशे नव्वद. सहाशे दहा. सहाशे तेहतीस. सर्वपित्रीच्या आदल्या आठवड्यात एकच नवे रोप सापडले, आणि पुढील दोन फेऱ्यांत एकही नाही. सहाशे चौतीस रोपे गेली. रिकाम्या जागी यंदा काही लावावयाचे नाही असे दाजींनी ठरविले. फेरी आता तेही मारतात; आक्का एका ओळीने, ते दुसऱ्या ओळीने. जुन्या बागेत पाने छाटून, चर काढून, औषधे पालटून करपा थांबला, परंतु कित्येक झाडांवर सहाच पाने उरली होती आणि फळ जेमतेम भरले. व्यापाऱ्याने भाव पाडून मागितला, दाजींनी दिला.

भाऊबीजेस खरे म्हणजे आम्ही जावयाचे, पण राखीची उणीव भरून काढण्यासाठी या वेळी आक्का व दाजीच इंदूरला आले. दाजींच्या खांद्यावर जुन्या बागेतला एक घड होता. आक्का गच्चीवर गेली, रिकामी कुंडी उचलून पाहिली, तळाची भोके बोटाने मोकळी केली. "माती बदल," म्हणाली, "आणि पाणी वरून घालू नकोस." चिडाचे रोप मिळावयाचे कोठे, याचा शोध आम्ही घेत आहोत, पुदिन्याचा प्रस्ताव तिसऱ्यांदा बारगळला आहे.

करपा झालेल्या झाडाचे फळ वेळेआधी पिकते. सकाळी बहादरपुराहून हिरवा निघालेला तो घड इंदूरला उतरेपर्यंत पिवळा पडू लागला होता. वरच्या दोन फण्या आम्ही त्याच रात्री शेजारी वाटल्या.